परिच्छेद एकोणीस

तासगाव कोर्टाच्या मागे, बार रूमला लागून
एक खोली आहे. तिथं पंखा एकवरच ठेवायचा.
दोनवर नेला
की अठ्ठावन्न सालची पानं सुटून उडतात.

सकाळी येळावीहून कोंडूबाई आल्या होत्या,
पिशवीत पावशेर बेदाणे
आणि विहिरीचं भांडण.
आठवड्याच्या दोन पाळ्या, सासऱ्याच्या वेळेपासून;
आता दीर मोटारीला हात लावू देत नाही.
मगदूम सर म्हणाले, "शोध काहीतरी. वरच्या कोर्टाचं."
कोंडूबाईंनी दारातूनच कपाटांकडं पाहिलं :
"एवढ्यात माझ्या हिरीचं असंल व्हय?"

डायजेस्ट उघडलं.
विहीर : 'पाणी' पाहा.
पाणी : 'सुखाधिकार' पाहा.
सुखाधिकार : वाट, पाट, उजेड, वारा;
कुटुंबातील असल्यास 'विहीर' पाहा.
तहसीलच्या खिडक्यांवर फिरवतात
तसं शब्दांनी मला फिरवलं,
आणि जेवायची सुट्टी झाली.

मग खंड उपसायला लागले.
लाल कातडं बोटांना लागतं, कुंकवासारखं नाही,
विटेसारखं.
कसरीनं एका न्यायमूर्तींचं आडनाव खाल्लंय.
एकसष्टच्या जागी नुसती फट.
एका पानात एसटीचं तिकीट, तासगाव ते मिरज,
कुणाचा तरी अर्धा राहिलेला युक्तिवाद.

साडेतीनला सापडला!
हुबेहूब आमचाच : सामाईक विहीर, वर्षांची वहिवाट,
आणि बाईचा हक्क कायम.
मी दोन बेदाणे तोंडात टाकले, तेव्हा समासात दिसली
पेन्सिलीची बारीक ओळ :
"हा गेला. पाहा चौऱ्याहत्तर, पान ४१२."

माणूस गेला की फोटोला हार तरी घालतात.
निवाडा जातो तेव्हा त्याला कोणी कळवत नाही;
तो त्याच पानावर, त्याच ऐटीत
कुणाकुणाला हक्क देत बसतो.

चौऱ्याहत्तर सगळ्यात वर.
शिकलगार मामांनी स्टूल धरलं,
एक पाय आखूड म्हणून त्याखाली जुनी कॉजलिस्ट घातली.
पान ४१२ : घरातल्या घरात दिलेलं पाणी
म्हणजे मर्जी. मर्जीचा हक्क होत नाही.
आणि समासात तेच अक्षर :
"आपल्या विरुद्ध आहे. तरी आधी हाच दाखवायचा."

"मामा, हे कुणाचं?"
त्यांनी पान उजेडाला धरलं.
"सालपे वकिलांचं. जाऊन वीस वर्षं झाली."
"मोठे होते?"
"ते नाही ठाऊक. पुस्तकं मात्र वेळेवर परत करायचे."

खंड मिटून सरांना सांगता आलं असतं,
काही मिळालं नाही म्हणून.
दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर
कोंडूबाई चपला काढून, पाय वर घेऊन बसलेल्या.
मी ठळक अक्षरातली हेडनोट सोडली
आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं,
बारीक टाइप, मधेच शाई फुटलेली,
वादी कोण, प्रतिवादी कोण, कुणाची भिंत कुठवर,
सोळा, सतरा,
अठराव्यात नुसता बांध,
एकोणिसाव्याच्या तोंडाशी एक शब्द :
परंतु.

परंतु विहिरीच्या खर्चाला ज्यानं पैसा घातला
त्याचं पाणी मर्जीवर नसतं.

तशीच बाहेर गेले, बोट पानात ठेवून.
"आक्का, गाळ कधी काढला होता का विहिरीचा?"
"काढला की. माझ्या पाटल्या गेल्या त्यात."
"पावती आहे का सोनाराची?"
त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
"डब्यात असंल. न्हाईतर नसंल."

पाच वाजता मामा कुलूप घेऊन दारात.
भिंतीवर पाटी : पुस्तकात लिहू नये.
मी पेन्सिल काढली, अगदी हलक्या हातानं,
सालप्यांच्या ओळीखाली :
"परि. १९ पण वाचा."
मामा तोवर कुलपातली किल्ली
उगाचच फिरवून बघत होते.